गावाची एकच पेटी

क्षमा टोकेकरच्या दुकानात पत्र यायचं ते आधी किंचाळत यायचं. टेलिफोनच्या तारेला जोडलेली एक काळी डबी होती. पुण्याचा नंबर लागेपर्यंत तिच्यातून असा काही आवाज निघे, की बाकावर बसलेली माणसं बोलायची थांबत. हरणाबाई दर वेळी म्हणायची, "बया बया, कुनाचा जीव चाललाय आत?" मग आवाज तुटायचा. मागाहूनची ती शांतता क्षमाला आवाजाहून वाईट वाटे. पलीकडे कुणीतरी फोन उचलावा आणि न बोलता नुसतं ऐकत उभं राहावं, तशी.

नव्याण्णव साल होतं ते. मलकापूर तेव्हा धड गाव नव्हतं आणि धड शहरही नव्हतं. कराडला चिकटलेलं, पुणे-बंगलोर रस्त्यावरच्या ट्रकांच्या धुरात उभं असलेलं. त्या रस्त्यालगत एका गाळ्यात क्षमाच्या वडिलांनी बासष्ट साली टंकलेखनाचे वर्ग काढले. गोपाळकृष्ण टोकेकर मूळचे वाईचे. निम्म्या तालुक्याचे कारकून त्यांच्या हाताखालून गेले. ते वारले तेव्हा वर्गात अकरा यंत्रं होती आणि शिकायला तीन मुली. क्षमानं सहा यंत्रं विकली, एक संगणक आणला आणि पाटीवर वडिलांच्या नावाखाली एक ओळ वाढवली : 'ई-मेल करून मिळेल'. तिचं वय तेव्हा त्रेचाळीस. लग्न का केलं नाही हे विचारायचं लोकांनी केव्हाच सोडून दिलं होतं.

पंचक्रोशीत असं घर नव्हतं ज्याचा एक तरी माणूस बाहेर नाही. कुणी फौजेत, कुणी मस्कतला, कुणी सोनंचांदी वितळवायच्या गलाईवर दूर दक्षिणेत. या सगळ्यांसाठी पत्ता एकच होता, क्षमाच्या दुकानाचा. नव्वद घरांची मिळून एक पेटी. मुलगा तिकडून पत्र पाठवी तेव्हा वर लिही : 'हरणाबाई चव्हाण यांस' किंवा 'गुंडा न्हावी, फाट्याजवळ'. क्षमा ते छापून काढी, चौघडी करी, वर नाव घाली आणि पूर्वी विद्यार्थ्यांचे पेपर ठेवायच्या त्या खणांच्या कपाटात ठेवून देई. ज्याला वाचता येत नसे त्याला हळू आवाजात वाचून दाखवी. कुणाच्या मुलानं परमुलखात दुसरं बिऱ्हाड केलं, कुणाची बदली अडली, कुणाच्या किडनीला काय झालं, हे सगळं तिला ठाऊक असे आणि तिच्या तोंडून ते कधीही बाहेर पडत नसे. गुंडा म्हणायचा, "बाई म्हंजे हीर हाय. दगूड टाका, आवाज यायचा न्हाई."

नवरात्र संपलं त्या आठवड्यात एक पत्र आलं, त्याच्यावर नाव नव्हतं. पाठवणाऱ्याचा पत्ता म्हणजे चार अक्षरं आणि पुढे आकडे. आत इंग्रजी लिपीत मराठी मजकूर, एवढाच :

'तुझं सगळं मला माहीत आहे. तुला बघून घेईन.'

नाव घालायचं राहिलेलं पत्र याआधीही कधी कधी येई. तेव्हा क्षमाची रीत ठरलेली होती. जो येईल त्याला ती पहिली ओळ वाचून दाखवी. ज्याचं असेल तो ओळखे. या पत्रालाही तिनं तोच न्याय लावला. आपण काय करतोय याचा तिनं फारसा विचार केला नाही.

पहिल्यांदा आला गुंडा. ओळ ऐकली आणि खुर्चीवर बसला. "रानाच्या बांधाचं हाय का? चुलतभावानं लिवलंय. तोच. त्येचा पोरगा हाय पुण्यात."

मग हरणाबाई. तिचा मुलगा सिद्धू फौजेत होता, कारगिलवरून तीन महिन्यांपूर्वी धडधाकट परतलेला. तिनं ओळ दोनदा वाचायला लावली. मग डोळे पुसत म्हणाली, "माझंच हाय वो. कुनाला म्हायती न्हाई, पर माझंच हाय." काय माझंच, ते तिनं सांगितलं नाही.

एक निवृत्त मास्तर आले, ऐकून गेले, दुसऱ्या दिवसापासून यायचेच बंद झाले. सोसायटीचा सचिव हसला, म्हणाला, "काय थट्टा लावलीय," आणि जाताना पायात दुसऱ्याची चप्पल घालून गेला.

चार माणसांना वाचून दाखवलं आणि चौघांनाही ते आपलंच वाटलं. त्या दिवशी दुपारी क्षमा रिकाम्या वर्गात बसली होती. उरलेल्या यंत्रांवर खोळी घातलेल्या होत्या आणि ती पाच खोळींकडे बघत होती. तिच्या मनात आलं, यात कुणाचंही नाव घालता येईल. माझंही.

म्हणून तिनं उलटटपाली लिहिलं. तेवीस वर्षं जसं लिहायला शिकवलं होतं तसं. उजवीकडे दिनांक, डावीकडे मायना. 'सप्रेम नमस्कार. आपले पत्र मिळाले. त्यावर नाव नसल्याने ते कोणास द्यावे हे समजत नाही. कृपया कळवावे.' आणि खाली, वर्गात पहिल्याच दिवशी शिकवतात तसं, पूर्ण नाव : क्षमा गोपाळकृष्ण टोकेकर. दुकानाचा पत्ता, गाळा क्रमांक, दूरध्वनी.

दोन दिवसांनी उत्तर आलं.

'क्षमा गोपाळकृष्ण टोकेकर. बरं झालं सांगितलंस. तुझंच होतं ते.'

*

पुढे रोज येऊ लागलं.

आधी साधंसुधं. 'तुझ्या दारावरून ट्रक जातात. तू एकटी असतेस.' मग एकदा : 'हरणाबाईच्या सिद्धूची बदली झाली का ग? गेल्या पत्रात म्हणत होता, होईल.' क्षमानं हातातला कप बाजूला ठेवला. सिद्धूचं ते पत्र तिनं छापलं होतं, वाचून दाखवलं होतं आणि चौघडी करून हरणाबाईच्या हातात दिलं होतं. तेव्हा खोलीत तिसरं माणूस नव्हतं.

मग तिला खोलीत तिसरं माणूस दिसू लागलं. बाकावर बसलेल्या कुणाचीही नजर पडद्यावर रेंगाळली की तिची पाठ ताठ होई. रस्त्यापलीकडे मोटारसायकल उभी करून कुणी विडी ओढत असला, की तो पेटवल्यापासून विझवेपर्यंत ती मोजत बसे. भाजीवाला सुटे पैसे देताना म्हणाला, "काय बाई, आज तब्येत न्हाई बरी?" तर तिनं घरी येऊन दाराला कडी घातली आणि त्या माणसाचा चेहरा आठवत बसली. याला कसं कळलं?

ठाण्यात जाऊन आली. हवालदार चांगला माणूस होता. त्यानं चहा मागवला, छापलेले कागद नीट बघितले आणि विचारलं, "पाकीट कुठाय?"

"पाकीट नसतं याला."

"मग शिक्का? कुठल्या पोस्टाचा हाय कळाय नको?"

"शिक्का नसतो."

"बरं, अक्षर वळकीचं वाटतंय का?"

क्षमा म्हणाली, "अक्षर यंत्राचं आहे. माझ्याच."

हवालदारानं कागद उलटा करून मागची कोरी बाजूही बघितली. मग म्हणाला, "बाई, राग मानू नगा. पर कागद तुमचा, छपाई तुमची, आनि धमकी बी तुमालाच. मी पकडू कुनाला?"

ती दुकानात परत आली. त्या दिवशीचं पत्र असं होतं :

'संयोगिताचा भाऊ भाऊबीजेला येणार ना? ती परत यायची नाही हे लालासाहेबांना माहीत आहे का? त्यांच्या घरचा नंबर माझ्याकडे आहे. तू मला रोज लिहायचं. ज्या दिवशी लिहिणार नाहीस त्या दिवशी तिथला फोन वाजेल.'

*

संयोगिता ही लालासाहेब जगतापांची धाकटी सून. लालासाहेब फौजेतून सुभेदार होऊन आलेले, पंधरा एकर ऊस, गावात शब्दाला वजन. तिचा नवरा वीरधवल ट्रॅक्टर चालवी आणि दारू पिई. बाकीचं संयोगितानं कधी बोलून दाखवलं नव्हतं. ती पूर्ण बाह्यांचे ब्लाऊज घाली, वैशाखातसुद्धा. घरातला फोन सासऱ्यांच्या उशाशी असे आणि टपालानं आलेलं पत्र सासूच्या हातून फुटल्याशिवाय तिला मिळत नसे. पण तिची नणंद मस्कतला होती आणि घरात इंग्रजी लिपी येणारी ती एकटी. म्हणून दर गुरुवारी नणंदेला खुशाली कळवायला तिला क्षमाकडे धाडत. नणंदेचं पत्र झालं की ती म्हणे, "बाई, अजून चार ओळी." त्या चार ओळी तिच्या भावाला, सयाजीला, जात. तो कोइमतूरला गलाईच्या दुकानात होता. चार ओळींतच सगळं ठरलं होतं. भाऊबीजेला भाऊ येणार, रीतीप्रमाणे बहिणीला माहेरी आटपाडीला नेणार. सण आहे, कुणी अडवणार नाही. न्यायचं ते कायमचं. आधी कळलं, तर उंबरा ओलांडू देणार नाहीत. आणि कळल्यावर घरात काय होईल, ते क्षमानं त्या चार ओळींत टाइप केलेलं होतं.

भाऊबीजेला सतरा दिवस होते.

क्षमानं रोज लिहायला सुरुवात केली.

पहिल्या दिवशी लिहिलं, आज वांग्याची भाजी केली. उत्तर आलं, 'भाजी नको. मनात काय आहे ते लिही.' दुसऱ्या दिवशी तिनं लिहिलं, मला भीती वाटते. 'कशाची?' ती विचार करत बसली आणि वडिलांच्या शेवटच्या आजारपणाबद्दल दोन पानं लिहून गेली. तिसऱ्या दिवशी अजून. यातली खरी भयंकर गोष्ट तिनं पुढे कधी कुणाला सांगितली नाही. तिसऱ्या दिवसापासून ती उत्तराची वाट बघू लागली होती. तिच्या मनात काय आहे, हे वडील गेल्यापासून चार वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. डबी किंचाळायला लागली की आतून काहीतरी उठून उभं राही. ते भय होतं की दुसरं काही, हे तिला वेगळं करता येईना. विहिरीत वाकून बघावं, तळातलं पाणी हलावं, आणि ते आपलंच तोंड आहे की खाली दुसरं कुणी वर बघतंय हे कळू नये.

चौथ्या दिवशी तो म्हणाला, 'काल निळं पातळ नेसली होतीस.'

तिनं आठवून बघितलं. काल पिवळं होतं.

मग तिनं एक पत्र टाइप केलं, त्याला नाही, पुण्याच्या मावसबहिणीला, अश्लेषाला. इकडच्या तिकडच्या चौकशा आणि मध्ये एक ओळ : 'दुकानासमोरचा कडुलिंब परवा तोडून टाकला ग. फार पालापाचोळा व्हायचा.'

दुसऱ्या दिवशी डबी किंचाळली, थांबली, आणि पडद्यावर अक्षरं उमटली :

'समोरचा लिंब तोडलास ते बरं केलंस. आता तू मला नीट दिसतेस.'

क्षमा उठली आणि दारात आली. लिंब होता तिथेच होता. त्याच्या खाली गुंडा एका ट्रक ड्रायव्हरची दाढी करत होता आणि फांदीवर कावळे भांडत होते. तिनं पुढे होऊन खोडाला हात लावला. गुंडा वस्तरा थांबवून बघायला लागला.

"काय बाई?"

"काही नाही," क्षमा म्हणाली. "आहे का ते बघितलं."

"झाड?"

"हो."

"आज तरी हाय," गुंडा म्हणाला आणि ड्रायव्हरचा गाल ताणला.

पत्रं लिहिणारा तो आंधळा होता. त्याला रस्ता दिसत नव्हता, लिंब दिसत नव्हता, ती दिसत नव्हती. त्याला फक्त पेटी दिसत होती. पण पेटी पूर्ण दिसत होती, नव्वद घरं.

*

संगणक बसवून देणारा पुष्कर कराडला राहायचा. तिनं त्याला बोलावून घेतलं. त्यानं सगळी पत्रं एकापाठोपाठ एक वाचली. नेहमी बडबड करणारा माणूस, पण वाचताना त्यानं एकदाही मान वर केली नाही.

"ताई, परवलीचा शब्द कुणाला सांगितला होता?"

"कुणालाही नाही. अश्लेषालासुद्धा नाही."

"कुठे लिहून?"

"नाही रे."

त्यानं पेटी बंद केली आणि पुन्हा दारापाशी गेला, जिथं आत शिरताना शब्द विचारतात. तिथं खाली बारीक अक्षरांत एक वाक्य होतं, क्षमानं ते कधी वाचलेलं नव्हतं : शब्द विसरलात का? पुष्करनं त्यावर टिचकी मारली. नवी खिडकी उघडली. तिनं एकच प्रश्न विचारला.

तुमच्या वडिलांचं नाव काय?

पेटी उघडली त्या दिवशी हा प्रश्न क्षमाला विचारला गेला होता आणि तिनं मोठ्या आदरानं उत्तर दिलं होतं. जगात जिथं हे यंत्र बनवलं तिथं वडिलांचं नाव ही घरातली, खासगी गोष्ट असेल. इथं ते माणसाच्या नावाच्या मधोमध असतं. शाळेच्या दाखल्यावर, सातबाऱ्यावर, लग्नपत्रिकेवर, आणि क्षमाच्या त्या पहिल्या उत्तराच्या तळाशी.

पुष्करनं सहा बोटांनी ते नाव टाइप केलं. खिडकीनं परवलीचा शब्द जसाच्या तसा समोर ठेवला. तेव्हा असंच होतं ते.

"ताई," तो हळूच म्हणाला, "हे तर तुमच्या पाटीवर पण आहे."

मग त्यानं उपाय सांगितला. शब्द बदलायचा आणि वडिलांचं नाव खोटं घालायचं. यंत्राला काय कळतंय. गुंडा तेव्हा मुलाला पत्र पाठवायला आत आला होता, तो ऐकत होता. "म्हंजे बाप बदलायचा?" तो म्हणाला. "ह्ये भारीच! रेशनकार्डावर खोटं सांगू, सोसायटीत खोटं सांगू, पर ह्ये नगा गड्या लावू."

क्षमा हसली नाही. ती कळफलकावर हात ठेवून बसली. शेवटी तिनं एक नाव घातलं, ज्या नावाचा माणूस तिच्या घराण्यात, ओळखीत, कुठंच नव्हता. नाव स्वीकारलं गेलं. यंत्रानं जराही खळखळ केली नाही. त्या क्षणी तिला वाटलं, वडील खोलीतून उठून बाहेर गेले.

दार बंद झालं. पण आत येऊन सगळं बघून गेलेल्या माणसाच्या डोळ्यांतलं काढून कसं घेणार? पुष्कर म्हणाला, "तुम्ही त्याला लिहीत राहा ताई. भाऊबीजेपर्यंत बारा दिवस तर आहेत. रोज दोन ओळी टाका, गप राहील."

तिनं रात्रभर नव्हे, पण जेवताना आणि भांडी घासताना त्याचा विचार केला. बारा दिवस लिहिणं अवघड नव्हतं. अवघड नव्हतं हीच गोष्ट तिला सलत होती. तेराव्या दिवशी ती थांबू शकेल याची तिला खात्री नव्हती. आणि ज्या गुपितावर ती हा सौदा करत होती ते तिचं नव्हतंच. जिचं होतं तिला पत्ताही नव्हता.

दुसऱ्या दिवशी गुरुवार होता.

*

संयोगिता बाराच्या सुमाराला आली. हातात पिशवी, पिशवीत मेथी. नणंदेला काय कळवायचं ते सांगायला लागली, तेवढ्यात क्षमानं दाराचा पडदा ओढला.

"संयोगिता, तुझी पत्रं एका माणसानं वाचलीत. कोण आहे ते मला माहीत नाही. माझ्या चुकीनं झालं. तो तुझ्या सासऱ्यांना फोन करीन म्हणतोय. उद्या करेल, कदाचित आजच करेल."

तिला वाटलं होतं पोर रडेल, किंवा तिला बोल लावील. संयोगितानं विचारलं, "समदी वाचली? ते हाताचं लिवलं हुतं, त्ये पण?"

"सगळी."

संयोगितानं उजव्या हातानं डाव्या बाहीची कड खाली ओढली. कुणी आत्ताच, त्या क्षणी, बघत असल्यासारखी. मग म्हणाली, "किती वाजले?"

"सव्वाबारा."

"सांगलीची गाडी कवा हाय? मावशी हाय माझी तिथं. शालूमावशी. तिचं घर ह्यास्नी ठावं न्हाई."

क्षमानं दुकान बंद केलं. भर दुपारी, गुरुवारी, वडील गेल्यापासून पहिल्यांदा. कराडच्या स्टँडपर्यंत दोघी माणसं कोंबून नेणाऱ्या वडापच्या जीपमधून गेल्या. जीपमध्ये अकरा माणसं होती. त्यातला प्रत्येक जण तो असू शकत होता. समोर मांडीवर कोंबडी घेऊन बसलेला म्हातारा, दाराला लोंबकळणारा कॉलेजकुमार. नसेलही. तो कदाचित हजार मैलांवर असेल, ज्यानं हा रस्ता जन्मात बघितला नाही असा. क्षमाला कळेना यातलं कशाचं भय जास्त वाटावं.

सांगलीपर्यंत ती बरोबर गेली. इस्लामपूर मागे पडलं. मग संयोगिता एकदम म्हणाली, "मेथी घेतली हुती. तीपण आणली मी." आणि दोघींना हसू फुटलं, थांबेना, पुढच्या बाकावरची बाई वळून बघायला लागली. शालूबाईंनी दार उघडलं, भाचीकडे बघितलं, पिशवीकडे बघितलं, आणि काही न विचारता मेथी घेऊन आत गेल्या. सयाजीला तिथूनच, टेलिफोनच्या दुकानातून, दोन वाक्यांत कळवलं. तो म्हणाला, भाऊबीज कशाला, परवा पोचतो.

त्या दिवशी क्षमानं कुणाला काही लिहिलं नाही.

*

शनिवारी लालासाहेब आले.

पांढरा फेटा, पायात जाड वहाणा, काठी नसताना काठी असल्यासारखी चाल. दुकानात हरणाबाई होती, तिनं पदर सावरला आणि बाकाच्या टोकाला सरकली. लालासाहेब स्टुलावर बसले.

"काल फोन आला हुता," ते म्हणाले. "मानूस बोलला. शुद्ध बोलला, पुस्तकावानी. म्हनला, तुमची सून भाऊबीजंला जाईल ती परत येनार न्हाई. मी म्हनलं, ती कालच गेली. तवा गपच झाला. लय येळ. मला वाटलं फोन ठेवला. मग म्हनला, टायपिंगच्या बाईला इचारा."

"नाव सांगितलं?"

"न्हाई. मी इचारलं, तुमी कोन? तर म्हनला, मी समद्यांना वळखतो." लालासाहेबांनी फेटा जरा मागे सारला. कपाळावर घाम होता. "बाई, मी पासष्टला लढलोय, एकाहत्तरला लढलोय. समोरचा दिसायचा तरी. ह्यो कोन हाय?"

"मला माहीत नाही, सुभेदारसाहेब."

"बरं. सून कुठं हाय?"

क्षमानं समोरचे छापलेले कागद सारखे केले.

"आवं, तुमी गावच्या पत्राला कवा हात लावला न्हाई, म्हनून तर मी माझ्या घरची बाई तुमच्याकडं धाडली. विस्वासानं." आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "न्हाई सांगायचं, नगा सांगू. मग माझं एक पत्र लिवा. ती बघंल तवा बघंल."

तेवीस वर्षं समोरच्यानं बोलावं आणि तिच्या बोटांनी चालावं, असंच होतं. बोटं आपोआप जागेवर गेली.

"लिवा. संयोगितास. तू कुठं दडलीस ते आमाला कळलंय. तुजा भाऊ कोन, कुठं ऱ्हातो, त्याच्या दुकानाला कड्या किती, समदं कळलंय. आठ दिसात उंबऱ्यात उभी ऱ्हा. न्हाईतर..."

क्षमाची बोटं थांबली. पडद्यावर ओळी उमटल्या होत्या. बोलताना त्या लालासाहेबांच्या होत्या, त्यांच्या घशातल्या, त्यांच्या फेट्याखालच्या. आता त्या कुणाच्याही नव्हत्या. कुणीही लिहिल्या असत्या. आणि त्यांतलं एकही अक्षर खरं नव्हतं. म्हाताऱ्याला काही म्हणजे काही कळलेलं नव्हतं. कळलं असतं तर तो इथं स्टुलावर बसला नसता.

तिनं एक कळ दाबून धरली. ओळी उलट्या, शेवटच्या अक्षरापासून, एकेक करून नाहीशा झाल्या.

"हे मी लिहिणार नाही."

बाकाच्या टोकाला हरणाबाईनं श्वास घेतलेला ऐकू आला.

"का म्हनं?"

"नाही लिहिणार."

"कराडात धा दुकानं निघाल्यात आता. तिकडं जाऊन लिवतो."

"जा," क्षमा म्हणाली. "ते पत्ता विचारतील. काय सांगाल?"

लालासाहेबांची नजर खणांच्या कपाटावर गेली, नव्वद घरांच्या चौघड्यांवर, आणि एकेक खण तपासत फिरली. जणू त्यातल्या कशात तरी ती असेल.

ते उठले नाहीत. गुडघ्यांवर हात ठेवून तसेच बसून राहिले. क्षमानं हरणाबाईला जवळ बोलावलं.

"बोला. सिद्धूला काय लिहायचंय?"

हरणाबाईनं सुभेदारांकडे बघितलं, मग पडद्याकडे. आणि इतक्या हळू बोलायला लागली, की ऐकायला क्षमाला तिच्या तोंडापाशी कान न्यावा लागला. पाठीमागे लालासाहेबांचा श्वास चालला होता, जड, एका लयीत. तिच्या मानेवर तो लागत होता असं तिला वाटलं. खरं तर स्टूल चार हात लांब होतं. तिनं मागं वळून बघितलं नाही. बोटं चालत राहिली.